हिरव्या प्लेटची राख

तवा आधी चांगला तापू द्यावा लागतो. मग प्लेट त्यावर ठेवायची, डागाची, म्हणजे कथलानं सांधलेली, बाजू खाली, सामानाची वर. अर्धी भाकरी भाजायला लागतो तेवढ्या वेळात कथील पातळ होतं आणि सामान सैल पडतं. चिमट्यानं एकेक उचलायचं, ज्याच्या त्याच्या डब्यात टाकायचं. शेवटी प्लेट दगडावर आपटली की उरलेले कथलाचे थेंब गळतात. ते गोळा करायचे. धूर आला की श्वास धरायचा, धूर गेला की सोडायचा. हे मला कोणी शिकवलं नाही. सव्वीस वर्षांत आपोआप आलं.

प्लेट म्हणजे काय ते सांगते. टीव्ही, मोबाइल, चार्जर, कॉम्प्युटर, काहीही उघडा, आत एक पातळ हिरवी पाटी असते. तिच्यावर तांब्याच्या रेघा आणि बारीक सामान डाग देऊन बसवलेलं. त्या वस्तूची सगळी अक्कल या पाटीवर असते. आम्ही तिला प्लेट म्हणतो. नांदेडला रेल्वेच्या पलीकडं एका भंगाराच्या गोदामात मी प्लेटा सोडवायला बसायचे. शिक्षण चौथी. हे लिहिलंय मीच, कॉलेजातल्या मॅडमनी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. एक गोष्ट गाळा म्हणाल्या होत्या. ती गाळली नाही.

गोदामात आम्ही पाच-सहा बायका पोत्यावर बसायचो. माझ्या शेजारी देगलूरची शेवंता. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण हात सोन्याचा. एकदा एक रिटायर गुरुजी जुना डबडा टीव्ही टाकून गेले आणि तासाभरात घामाघूम होऊन परत आले. टीव्हीच्या पाठीत त्यांच्या बायकोनं गळ्यातली सोन्याची एकदाणी लपवली होती आणि नवऱ्याला सांगितलं नव्हतं. शेवंतानं टीव्ही आधीच उघडला होता. तिनं पदराची गाठ सोडून एकदाणी त्यांच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "गुर्जी, घरी गेल्यावर बाईला बी एकदा उघडून बघा. आणिक काय काय सापडंल." गुरुजी हसलेही नाहीत, बसलेही नाहीत. आम्ही चार दिवस हसलो.

मला माझ्या कामाचा अभिमान होता. आजही आहे. प्लेट हातात घेतली की वजनावरून सांगायचे कोणत्या यंत्राची. एक चिप मी कधी मोडली नाही. मालक नवीन बाईला माझ्याजवळ बसवायचा आणि म्हणायचा, "गयाबाईचा हात बघ, तोंड बघू नको." मी आवाजानं कडक आहे, म्हणून तसं.

आता राखेचं सांगते.

सामान काढून झालं की रिकामी प्लेट तेव्हा कोणी घेत नव्हतं. मग आम्ही तीच शेगडीत घालायचो. कोळसा वाचायचा. तिची राख करड्या रंगाची पडायची आणि उन्हात धरली तर तिच्यात बारीक चमक दिसायची. एक दिवस मी ती पदरात बांधून घरी नेली. आमच्याकडं भांडी राखेनंच घासतात. चुलीची राख मऊ, तिला जोर लावावा लागतो. ही राख लावली आणि एकदा हात फिरवताच पितळेचा तांब्या असा निघाला की त्यात तोंड बघून कुंकू लावावं. जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, पातेली तर नवी दिसायला लागली.

ही युक्ती माझी. दुसऱ्या कोणाची नाही. मी गोदामातल्या बायकांना सांगितलं, त्यांनी त्यांच्या गल्लीत सांगितलं. बायका वाट्या घेऊन माझ्या दारात यायच्या. शेवंता म्हणायची, "गयाक्का, तू मेलीस की तुपली राख बी अशीच डब्यात भरून वाटू." ती माझ्या आधी गेली, दम्यानं. शेवटी शेवटी पाच पावलं चालली की बसायची.

माझी एकच मुलगी, मंगल. तिला लोह्याला दिलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, तसं सातव्या महिन्यात मी तिला आणलं. मुलगी झाली, राणी. चांगली गुटगुटीत. रांगायला लागेपर्यंत मी दोघींना ठेवून घेतलं, कारण लोह्याला तेव्हा पाण्याचे हाल होते. भांडी त्याच राखेनं घासायचे. बाळाची वाटी, चमचा, दूध तापवायचं पातेलं. मोरीच्या कडेला राखेचं टोपलं असायचं. राणी रांगत तिकडंच जायची आणि मूठ तोंडात घालायची. लेकरं माती खातातच. मी एक फटका द्यायचे, तोंड पुसायचे, कामाला लागायचे.

लोह्याला पाठवताना डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं दिलं आणि राखेचा मोठा डबा दिला. विहीणबाईंना राख इतकी आवडली की मंगल दर पंचमीला आली की रिकामा डबा घेऊन यायची.

राणी तीन वर्षांची झाली तरी बोलेना. पाचव्या वर्षी शाळेत घातलं, गुरुजी म्हणाले, घरीच बरी आहे. आता तेरा वर्षांची आहे. मोजून सहा-सात शब्द बोलते. हातात येईल ते तोंडात घालते, अजून. अंगानं चांगली आहे, हसते चांगली. सरकारी दवाखाना झाला, देवरसी झाला, किनवटच्या जंगलातली मुळी झाली. विहीणबाईंनी शेवटी एकच कारण धरलं. मंगलचं दूध. आईचं दूध नासकं होतं म्हणून लेकराची अक्कल गेली. दहा वर्षं मंगलनं हे ऐकलं. पाहुण्यांसमोर, बाजारात, हळदीकुंकवाला. मी मंगलला सांगायचे, एका कानानं ऐक, दुसऱ्यानं सोड. मला काय जात होतं सांगायला.

डोळे अधू झाले तेव्हा मी गोदाम सोडलं. वर्ष झालं असेल, मालकानं निरोप दिला की कॉलेजातल्या एक मॅडम प्लेट सोडवणारी बाई शोधतायत. मॅडम शिरूर अनंतपाळच्या शेतकऱ्याची मुलगी, नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात, माझ्या मंगलच्या वयाच्या. घरी आल्या, जमिनीवर बसल्या, पिशवीतून एक भुरी पाटी काढून माझ्या हातात दिली.

"आजी, ही प्लेट पाण्यात विरघळते. कशी वाटते?"

मी वजन बघितलं, वास घेतला. "पाण्यात इरघळती, मग पावसाळ्यात टीव्ही कसा चालंल?"

मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. मी म्हणाले, "ह्यात लिवण्यासारखं काय हाय? कुणी बी इचारील."

"आमच्या खोलीत कुणी विचारलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजात जायला लागले.

त्यांनी मला जसं समजावलं तसं सांगते. हिरवी प्लेट म्हणजे काचेच्या तंतूंचं कापड आणि रसायनाचा गोंद. म्हणून ती कुजत नाही. जमिनीत पुरा, तुमचे नातू खणून काढतील. मॅडमची प्लेट अंबाडीच्या तंतूंची, आणि गोंद सोयाबीनचा. लातूर जिल्ह्यात सोयाबीनला तोटा नाही आणि अंबाडी आपली बांधावरचीच. वर एक पातळ थर देतात, त्यानं साध्या दमटपणात टिकते. पण काम संपल्यावर उकळत्या पाण्यात घातली की लगदा होतो आणि सामान खाली बसतं. चाळणीनं गाळून घ्यायचं. तवा नको, धूर नको. चिपा आणि तांबं विरघळत नाही, ते परत वापरायचं. मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पातेल्यावर वाकून मी ते बघत राहिले. माझी सव्वीस वर्षं वरणासारखी शिजत होती.

माझा उपयोग कुठं झाला तेही सांगते, कारण मॅडम सगळ्यांना सांगतात. मॅडमच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरी अंबाडीचे फोक टपात भिजवायच्या, पण तंतू सुटायचे नाहीत, तुटायचे. मी विचारलं, पाणी कधी बदलता? म्हणाल्या, रोज, वास येतो ना आजी. मी कपाळावर हात मारला. अंबाडी कुजली पाहिजे म्हणून तर पाण्यात घालायची, आणि या रोज कुजणं ओतून देत होत्या. लहानपणी लोह्याच्या अलीकडच्या आमच्या खेड्यात ओढ्यात अंबाडी घातली की पंधरा दिवस तिकडून जाताना नाक धरायला लागायचं. मी टपावर झाकण ठेवलं आणि हात लावाल तर बघा म्हणाले. बाराव्या दिवशी साल हातात घेतली आणि सर्रकन सोलली. खोलीत वास होता, पण कोणी बोललं नाही.

पहिला चांगला गठ्ठा झाला, वीस-पंचवीस प्लेटा. सकाळी जाऊन बघतो तर उंदरांनी कोपरे खाल्लेले. एक प्लेट तर नुसती सांगाडा. मॅडम खुर्चीत बसून राहिल्या.

मी म्हणाले, "मॅडम, हिरवी प्लेट उंदरानं खाल्लेली मी सव्वीस वर्षांत बघितली न्हाई. ही पास झाली समजा."

चार दिवस मी कोपरे, कपाटामागं शोधलं, एकही उंदीर मेलेला सापडला नाही. हेही मॅडमनी वहीत लिहिलं.

पुढची ही गोष्ट, जी त्यांना गाळायची होती.

सोयाबीनचा गोंद भांड्याला चिकटला की निघत नाही. पोरी चमच्यानं खरडत बसायच्या. मला ते बघवेना. मी म्हणाले, थांबा, माझ्याकडं औषध आहे. दुसऱ्या दिवशी घरून राखेचा डबा घेऊन गेले. गोदाम सोडताना दोन पोती भरून आणली होती, पुरवून वापरत होते. एक पातेलं घासून मॅडमना दाखवलं. त्यांनी पातेल्याकडं बघितलं नाही. डब्याकडं बघितलं. चिमूटभर राख कागदावर घेऊन खिडकीशी गेल्या.

"आजी, ही कशाची राख आहे?"

"आपल्या प्लेटीची. हिरव्या."

त्यांनी माझे हात स्वतः साबणानं धुतले. राख कागदात बांधून दुसऱ्या खोलीतल्या यंत्राकडं नेली. दोन दिवसांनी दार लावून माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. म्हणाल्या, यात शिसं आहे. डागाच्या कथलात शिसं असायचं, तेच जळून राखेत उतरलं. चमक काचेची आहे. भांडी घासली जातात ती काचेनं.

मी म्हणाले, "मी वीस वर्षं ह्याच भांड्यात खाल्लं. मला काय झालं?"

"मोठ्या माणसाला त्रास होतोच, पण सोसतं," मॅडम म्हणाल्या. "पोटातल्या बाळाला आणि रांगत्या लेकरांना नाही सोसत. त्यांच्या मेंदूवर जातं. बोलणं, शिकणं मागं पडतं. हातातलं तोंडात घालायची सवय जात नाही."

त्यांना राणीचं माहीत नव्हतं. मी कधी सांगितलं नव्हतं. म्हणून त्यांनी वाक्य पूर्ण केलं. मी उठले, राहिलेली पातेली साबणानं घासली आणि घरी गेले.

नंतर मॅडमना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनीच राणीला मोठ्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, आज रक्त तपासून तेव्हाचं कळत नाही. राखेनंच झालं असं मी लिहून देऊ शकत नाही, राखेनं नाही झालं असंही नाही. झालेलं परत फिरत नाही. मी म्हणाले, फिरवा म्हणून आलेच नाही. मंगलला कळलं नव्हतं आम्ही कशासाठी गेलो. नेहमीची तपासणी म्हणून सांगितलं होतं.

पंचमीला मंगल माहेरी आली. मोरीत बसली आणि साबणाची वडी हातात घेऊन म्हणाली, "आई, राख सरली का? आत्याबाईनं डबा दिलाय भरून आणाया."

मी तिच्यासमोर बसले आणि सांगितलं. सजवून सांगता येत नाही मला. राख, शिसं, पोटातलं बाळ, रांगतं बाळ, डॉक्टर. राख माझी, युक्ती माझी.

नळ चालू होता. तिनं बंद केला नाही.

"म्हंजी माझं दूध चांगलं व्हतं," ती म्हणाली.

"चांगलं व्हतं."

"माझं दूध चांगलं व्हतं, आई."

मला वाटलं होतं ती ओरडेल, पातेलं फेकून मारेल. मी तयार होते. ती मोरीतच पाय पसरून बसली आणि रडली, आणि त्या रडण्यात माझ्यावरचा राग शोधून सापडेना. तेच मला जड गेलं. फटका बसला असता तर बरं झालं असतं. शेवटी तोंड धुऊन म्हणाली, "ह्ये तू आत्याबाईपुढं येऊन सांगशील का? माझं कुणी खरं धरणार न्हाई."

"सांगीन की."

सांगीन म्हणाले आणि गेले नाही. नांदेडहून लोहा म्हणजे एसटीनं काय लांब आहे? पण पोळ्याला पाऊस होता. मग महालक्ष्म्या. मग गुडघा दुखला. एकदा स्टँडवर जाऊन गाडीत बसले आणि गाडी हलायच्या आधी उतरले. मालकाला, पोलिसाला, नवऱ्याला कधी भ्याले नाही. विहिणीला भ्याले. दसरा झाल्यावर मंगलचा फोन आला. मागून विहीणबाईंचा आवाज ऐकू येत होता, दुधाचंच चाललं होतं. मंगलनं फोन तसाच धरून ठेवला. मी दुसऱ्या दिवशी गेले.

जाताना मॅडमनी एक प्लेट दिली. म्हणाल्या, तुम्ही काय काम करता ते घरच्यांना दाखवा. नुसतीच पाटी, तांब्याची रेघ नाही, वरचा थर नाही.

सोयाबीन काढून झालं होतं. विहीणबाई ओसरीवर सुपात दाणे पाखडत होत्या. राणी त्यांच्या पाठीला टेकून बसलेली. मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. सूप थांबलं.

"मी तिला धा वर्स दुधावरून बोलले," विहीणबाई म्हणाल्या.

"बोललाव."

"मग तुमी तवाच कामून सांगितलं न्हाई?"

"तवा मलाच ठावं नव्हतं. पंचमीच्या जरा आधी कळलं. ते दोन-तीन महिने माझ्याकडं लागले."

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता बाहेर काढतात. त्या एक डबा घेऊन आल्या आणि मधोमध ठेवला. मीच दिलेला. निम्मा भरलेला.

"दिवाळीला पितळ घासाया ठिवली व्हती," म्हणाल्या. "आता ही कुटं टाकावं?"

"उकिरड्यात नको. खत हून शेतात जाईल."

"नालीत?"

"नाली वढ्याला जाती. गुरं पाणी पित्यात."

"मग पुरावं?"

"खाली इहीर हाय तुमची."

दोन म्हाताऱ्या, मध्ये तो डबा. साऱ्या लोह्यात तो टाकायला जागा नव्हती. शेवटी मी झाकण दाबलं आणि तो मांडीवर घेतला. आता तो मॅडमच्या कपाटात आहे, वर चिठ्ठी चिकटवून, कुलपात. घरची उरलेली पोतीही मॅडमनी गोणीत बंद करून नेली. माझ्या घरचं निस्तरलं. गल्लीतल्या बायकांनी वाट्यावाट्यांनी नेली ती कुठं शोधू? ज्यांची घरं आठवली त्यांच्याकडं जाऊन आले. कोणी ऐकलं, कोणी म्हणालं, गयाबाईला वय झालं.

विहीणबाईंनी आत तोंड करून हाक मारली, "मंगल, च्या टाक. तुझ्या आईला. आन तुला बी टाक, हितं आमच्यात येऊन बस." दहा वर्षांत त्यांनी तिला बस म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. मंगल चहा घेऊन आली आणि बसली. माफी वगैरे आमच्याकडं कोणी मागत नाही.

काय काम करता आता, असं विहीणबाईंनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून. मी पिशवीतून भुरी प्लेट काढली आणि सांगायला लागले. अजून पुष्कळ कच्चं आहे, पावसाळ्यात फुगते, कंपनीवाले बघून जातात, परत येत नाहीत. सांगता सांगता राणीनं प्लेट माझ्या हातातून ओढली आणि कोपरा तोंडात घातला.

माझा हात उचलला गेला. तेरा वर्षांची सवय. मग उंदरांची आठवण झाली, आणि हात खाली घेतला.

विहीणबाई म्हणाल्या, "काढा की त्ये तिच्या तोंडातून."

"ऱ्हाऊ द्या. अंबाडी आन सोयाबीन हाय."

मंगलनं माझ्याकडं बघितलं, पण ती उठली नाही. राणी दोन्ही हातांनी धरून सावकाश चावत होती. अर्धी संपवली, मग सगळी. मग तळवा माझ्यापुढं धरून तिच्या सहा-सात शब्दांतला एक बोलली, "दे."

राखेचा डबा मी पदराखाली घट्ट धरला होता. दुसरी प्लेट आणली नव्हती.